लुळ्या हातांचे कैवारी : डॉ. पॉल ब्रँड

परमेश्वराने मनुष्यास जी साधने दिली आहेत, त्यांत हातासारखे दुसरे साधन नाही. आमच्या आगरदांड्याच्या किनाऱ्यावर तर ही गोष्ट कोणास मुद्दाम पटवून देण्याचे कारणच नाही. राजपुरीच्या खाडीत होडी वल्हविणारा कोळी, पहाटेच्या काळोखात जाळे ओढणारे त्याचे सोबती, नारळी-पोफळीच्या वाडीस शिंपणे करणारा वाडीवाला आणि दिघीच्या फेरीबोटीचा दोर धक्क्याला बांधणारा खलाशी, या सर्वांचे पोट हातावरच चालते. अशा मनुष्याचा हात एके दिवशी बधिर व्हावा, बोटे हळूहळू आखडून पंजाकडे वळावीत आणि वल्हे धरण्याची शक्ती नाहीशी व्हावी, याहून मोठी आपत्ती ती कोणती? आणि त्यातच हा रोग देवाच्या कोपाने झाला असे मानून गावाने त्याला वेशीबाहेर घालवावे, म्हणजे दुःखास सीमाच उरली नाही.

कुष्ठरोगाने असे हात गमावलेल्या हजारो माणसांना ज्यांनी त्यांचे हात परत दिले आणि या रोगाविषयीची शतकानुशतकांची एक चुकीची समजूत खोडून काढली, त्या डॉ. पॉल ब्रँड यांचे चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. आज शाळेत शिकणाऱ्या मुलांचा जन्म होण्यापूर्वीच, ८ जुलै २००३ रोजी, ते हे जग सोडून गेले. तथापि त्यांच्या कार्याचा संबंध आमच्या घरांशी व आमच्या मुलांच्या अंगावरील एखाद्या फिक्या चट्ट्याशीही पोहोचतो. म्हणूनच हे चरित्र केवळ स्तुतीसाठी न वाचता समजून घेण्यासाठी वाचावे, अशी आमची विनंती आहे.

पॉल ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी दक्षिण हिंदुस्थानात, तमिळ मुलुखातील कोल्ली नावाच्या डोंगरात झाला. त्यांचे वडील जेसी व आई एव्हलिन हे दोघेही मिशनरी होते. त्या डोंगरावर हिवतापाचा फार उपद्रव असे, रस्ते नव्हते आणि डॉक्टरही नव्हता. त्यामुळे जेसी ब्रँड यांना उपदेशकाबरोबरच सुतार, गवंडी, शिक्षक आणि वैद्य अशी सर्व कामे स्वतःच करावी लागत. पॉल व त्याची धाकटी बहीण कॉनी ही दोघे त्या रानात डोंगरातील मुलांप्रमाणेच वाढली. झाडावर चढण्याची पॉलला इतकी आवड होती की आईने दिलेला अभ्यासही तो कित्येकदा फांदीवर बसूनच पुरा करी.

त्या काळची एक गोष्ट त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली. एके दिवशी तीन अनोळखी माणसे घरापाशी आली. त्यांच्या हातापायांना जखमा होत्या आणि बोटे झडलेली होती. एरव्ही सर्व रोग्यांत निःशंकपणे वावरणाऱ्या जेसी ब्रँड यांनी त्या दिवशी मुलांना दूर राहण्यास बजावले, हातमोजे चढवून त्या माणसांच्या जखमा धुतल्या आणि पट्ट्या बांधल्या. वडिलांसारखा निर्भय मनुष्यदेखील या रोगापुढे बिचकतो, हे पाहून लहानग्या पॉलच्या मनात भीतीच बसली. याच मुलाने पुढे अशा शेकडो हातांना हातमोज्यांवाचून स्पर्श करावा, ही ईश्वरी योजनाच म्हटली पाहिजे.

वयाच्या नवव्या वर्षी, १९२३ साली, पॉलला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. वडिलांची व त्याची पुन्हा भेट झाली नाही. १९२९ साली जेसी ब्रँड हिवतापाच्या एका घातक प्रकाराने कोल्लीच्या डोंगरातच वारले. निधनाची तार इंग्लंडला लगेच पोहोचली. परंतु त्यांनी आधी लिहून टाकलेले पत्र बोटीने सावकाश येत होते, ते मुलाच्या हाती त्यानंतर पडले. मृत पित्याचे ते प्रेमळ अक्षर वाचताना चौदा वर्षांच्या मुलाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना प्रत्येक आईबापाने करावी.

पॉलला वैद्यकाची गोडी मुळीच नव्हती. रक्त आणि पू यांची त्याला किळस वाटे. वडिलांप्रमाणे मिशनरी व्हावयाचे आणि लोकांना घरे बांधून द्यावयाची, असा त्याचा विचार होता. म्हणून शाळा संपल्यावर त्याने काही वर्षे इमारतीच्या कामात उमेदवारी केली व सुतारकाम आणि गवंडीकाम मनापासून शिकून घेतले. पुढे मिशनरी होणाऱ्यांना प्राथमिक वैद्यक शिकविणाऱ्या लंडनमधील लिव्हिंग्स्टन कॉलेजात तो गेला. तेथे असता, अतिरक्तस्रावाने मरणोन्मुख झालेल्या एका तरुणीच्या शरीरात दुसऱ्याचे रक्त भरताच तिच्या गालांवर लाली परत आलेली त्याने पाहिली. त्या क्षणी वैद्यकाविषयीची सर्व घृणा मावळली. १९३७ साली तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या विद्यालयात दाखल झाला. लवकरच महायुद्ध पेटले. लंडनवर बाँब पडू लागले आणि रात्रीमागून रात्री छिन्नविच्छिन्न झालेले देह शिवण्याचे काम या तरुण शस्त्रवैद्यांवर येऊन पडले. हातांच्या जखमांचा त्यांचा अभ्यास येथेच सुरू झाला. १९४३ साली ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो झाले आणि त्याच वर्षी आपल्या सहाध्यायिनी मार्गारेट बेरी यांच्याशी विवाहबद्ध झाले. मार्गारेटबाई पुढे नेत्रवैद्य म्हणून नावारूपास आल्या. कुष्ठरोगाने ज्यांच्या पापण्या मिटत नाहीत, अशांची दृष्टी वाचविण्याचे त्यांचे काम पतीच्या कामाहून कमी मोलाचे नाही.

१९४६ साली, कुष्ठरोगाचे प्रख्यात तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्या आमंत्रणावरून, डॉ. ब्रँड वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया शिकविण्यास आले. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून आरंभिलेली ती संस्था तोवर मोठी झाली होती. पुढील साली कॉक्रेन त्यांना चिंगलपट येथील कुष्ठाश्रम दाखविण्यास घेऊन गेले. बागेत व आवारात काम करणाऱ्या रोग्यांचे हात डॉ. ब्रँड पाहू लागले. बहुतेकांची बोटे पक्ष्याच्या नख्यांसारखी वळलेली होती. हे असे का होते आणि कोणी शस्त्रवैद्याने यावर काही केले आहे काय, असे त्यांनी विचारता, जगातील कोट्यवधी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या हातांकडे अस्थितज्ज्ञांनी आजवर लक्षच दिले नाही, हे त्यांना कळून आले.

तेवढ्यात एक लहानशी घटना घडली. डॉ. ब्रँड यांनी एका रोग्याचा आखडलेला हात आपल्या हातात घेतला आणि त्याला जोराने दाबण्यास सांगितले. त्या लुळ्या दिसणाऱ्या हातात काहीच बळ नसेल, अशी त्यांची अपेक्षा होती. पण त्या मनुष्याने इतक्या जोराने दाबले की डॉक्टरांना वेदनेने हात सोडण्यास सांगावे लागले. म्हणजे हा हात मेलेला नव्हता. त्यातील काही स्नायू निकामी झाले होते, पण काही स्नायू चांगले बळकट होते. या एका दाबण्याने डॉ. ब्रँड यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

त्या काळी लोकांची व पुष्कळशा वैद्यांचीही अशी समजूत होती की कुष्ठरोगात मांसच सडते आणि बोटे आपोआप गळून पडतात. सडक्या मांसावर शस्त्रक्रिया करून काय उपयोग? या रोगाचा जंतू नॉर्वेतील डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली शोधून काढला होता. तथापि तो जंतू हाताचा नाश नेमका कसा करतो, हे कोडे उलगडले नव्हते. डॉ. ब्रँड व त्यांचे सहकारी यांनी हे काम हाती घेतले. शेकडो रोग्यांच्या प्रत्येक स्नायूची शक्ती व त्वचेची संवेदना त्यांनी मोजून लिहिली. एका मृत रोग्याच्या देहातील मज्जातंतू त्यांनी रात्रभर जागून आरंभापासून टोकापर्यंत मोकळे करून पाहिले. तेव्हा दिसून आले की मज्जातंतू सर्वत्र सुजलेले नसून कोपर, मनगट, गुडघा व घोटा यांजवळ, जेथे ते कातडीच्या अगदी लगत येतात, तेथेच विशेष सुजलेले आहेत. या जागा शरीराच्या आतील भागापेक्षा थंड असतात, आणि हा जंतू थंड जागीच अधिक वाढतो. येणेप्रमाणे कोडे सुटले. रोग हाताचे मांस खात नाही, तो हाताकडे जाणारा मज्जातंतू मारतो. कोपराच्या वरील भागातून निघणाऱ्या शाखांवर चालणारे स्नायू शाबूत राहतात आणि त्याखालच्या शाखांवर अवलंबून असलेले तळहातातील छोटे स्नायू निराधार होतात.

मज्जातंतू तुटला की स्नायूचे काय होते, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कारण या प्रश्नाचे उत्तर डॉ. ब्रँड यांच्याच हयातीत शास्त्रज्ञांनी पायरीपायरीने शोधून काढले आणि त्यातच त्यांच्या उपायाचे मर्म आहे.

मज्जातंतू हा स्नायूला प्रत्यक्ष चिकटलेला नसतो. त्याच्या टोकापासून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते आणि ते स्नायूवरील विशिष्ट रेणूंना जाऊन लागते. या रेणूंना ग्राही असे म्हणतात. ग्राहीला ते द्रव्य लागले की स्नायू आकुंचन पावतो. असे काही ग्रहण करणारे द्रव्य स्नायूत असले पाहिजे, हा विचार केंब्रिजचे जॉन लँग्ली यांनी १९०५ साली मांडला. त्यांनी पाहिले की मज्जातंतू कापून तो पुरता नष्ट झाल्यावरही निकोटीनने स्नायू आकसतो. अर्थात ते विष मज्जातंतूवर नव्हे, खुद्द स्नायूवरच काम करीत होते.

आमच्या वाडीवस्तीतील लोकांना मण्यार सापाची चांगलीच ओळख आहे. मण्यार चावली असता फारशी वेदना न होताही पापण्या मिटू लागतात व श्वास बंद पडत जातो. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधील हा व्यवहारच तिचे विष बंद पाडते. १९६३ साली तैवानमधील शास्त्रज्ञांनी तेथील मण्यारीच्या विषातून असे एक द्रव्य वेगळे केले की जे ग्राहीला घट्ट चिकटून बसते. त्याच्या साहाय्याने स्नायूवर ग्राही कोठे व किती आहेत, हे मोजता येऊ लागले. आमच्या समुद्रातही अधूनमधून जाळ्यात सापडणारा, हात लावताच झिणझिण्या आणणारा चपटा विजेचा मासा असतो. अशाच माशाच्या वीज उत्पन्न करणाऱ्या अवयवात हे ग्राही विपुल असतात. १९८२ साली जपानमधील क्योटो येथे शोसाकू नुमा व त्यांचे सहकारी यांनी त्या माशापासूनच ग्राहीच्या जनुकाचा मजकूर प्रथम वाचून काढला.

आता मूळ गोष्ट ऐका. निरोगी स्नायूवर हे ग्राही सर्वत्र पसरलेले नसतात. मज्जातंतूचे टोक जेथे स्नायूला भेटते, तेवढ्याच एका ठिकाणी त्यांची दाटी असते. जंजिऱ्याच्या किल्ल्याला सभोवार तट असला तरी राजपुरीहून आलेली होडी महाद्वाराशीच लागते, तसा हा प्रकार आहे. स्नायूच्या एकेका लांब तंतूत शेकडो केंद्रके असतात आणि प्रत्येक केंद्रकात जनुकांचा संपूर्ण ग्रंथ असतो. परंतु ग्राही कसा घडवावा, हे सांगणारे पान केवळ त्या द्वाराजवळची केंद्रकेच उघडून वाचतात. मज्जातंतूच्या हुकमाने स्नायूत जी विजेची लहर वारंवार धावते, तीच इतर केंद्रकांना ते पान मिटून ठेवावयास लावते.

मज्जातंतू नष्ट झाला की ती लहर थांबते. मग काही दिवसांतच, आजवर गप्प असलेली केंद्रकेही ते पान उघडतात. तंतूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवे ग्राही तयार होऊन पृष्ठभागावर येऊ लागतात. जणू किल्ल्याच्या सगळ्या तटाला दरवाजे फुटतात. १९५९ साली स्वीडनमधील दोन शास्त्रज्ञांनी मांजराच्या स्नायूवर प्रयोग करून दाखविले की मज्जातंतू गमावलेला स्नायू आपल्या सर्व लांबीभर ॲसिटिलकोलीनला ओ देतो. विशेष हे की या नव्या ग्राहींची घडण प्रौढ स्नायूसारखी नसून गर्भातील बालकाच्या स्नायूसारखी असते. जन्मापूर्वी, मज्जातंतू येऊन भिडण्याआधी, स्नायू ज्या अवस्थेत असतो, तिच्याकडेच तो पुन्हा वळतो. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मज्जातंतू कापलेल्या स्नायूला बाहेरून विजेचे हलके धक्के देत राहिल्यास हे नवे ग्राही नाहीसे होतात, असेही सिद्ध झाले. त्यावरून लहरीचे महत्त्व स्पष्ट झाले.

यातून आपण काय समजावे? मज्जातंतू गेला म्हणजे स्नायू त्याच दिवशी मरत नाही. तो कोठूनही निरोप यावा म्हणून सगळीकडून कान देऊन वाट पाहत राहतो. परंतु ही वाट पाहणे अमर्याद नसते. काम नसल्याने तो आपलेच मांस झिजवू लागतो, दिवसेंदिवस बारीक होतो आणि कालांतराने त्याच्या जागी तंतुमय पेशीजाल व चरबी येते. साधारण वर्ष-दीड वर्षात नवा मज्जातंतू येऊन पोहोचला नाही, तर पुढे आला तरी फारसा उपयोग होत नाही. आणि तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे एक वीतभर अंतर जाण्यास सहा-सात महिने लागतात. स्नायूची आशा आणि मज्जातंतूची चाल यांची ही शर्यत आहे, आणि जो रोगी उशिरा येतो त्याच्या बाबतीत ती आधीच हरलेली असते.

डॉ. ब्रँड यांच्यापुढे येणारे रोगी बहुधा असे उशिरा आलेलेच असत. त्यांच्या तळहातातील स्नायूंची मुदत केव्हाच संपून गेली होती. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. प्रत्येक बोट वाकविण्यासाठी बाहूच्या पुढील भागातून दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, येतात. त्यांपैकी एक काढून घेतली तरी दुसरीवर काम भागते. डॉ. ब्रँड यांनी अशी एक कंडरा सोडवून तिच्या पट्ट्या केल्या आणि निकामी स्नायूंच्या जागी बोटांना जोडल्या. असे स्थलांतर इतर कारणांनी लुळ्या पडलेल्या हातांत पूर्वी केले गेले होते. कुष्ठरोग्याच्या हातात ते पद्धतशीरपणे करून दाखविण्याचे श्रेय त्यांचे. यातील खुबी अशी की स्थलांतर केलेल्या स्नायूचा स्वतःचा मज्जातंतू अखंड राहतो. त्याचे महाद्वार जेथल्या तेथे असते, त्याच्या केंद्रकांची शिस्त बिघडत नाही, केवळ दोरीचे टोक नव्या ठिकाणी बांधले जाते. मग काही आठवड्यांच्या प्लास्टरनंतर रोग्याला आपल्या मेंदूलाच नवा धडा द्यावा लागतो, की जो हुकूम पूर्वी एका कामासाठी होता, तो यापुढे दुसऱ्या कामासाठी आहे. तरुणपणी लाकूड व दगड यांवर चाललेला हात येथे कामी आला. ताण कोठे किती द्यावा, सांधा कसा बसवावा, हे त्या सुतारास उत्तम ठाऊक होते. १९५२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये हंटेरियन प्रोफेसर म्हणून त्यांनी हे काम विद्वानांपुढे मांडले.

परंतु हात सरळ झाला एवढ्याने काम संपले नाही. बरी झालेली बोटे पुन्हा जखमी होत, आखूड होत. हे का? एके दिवशी गंजलेल्या कुलपातील किल्ली डॉक्टरांना फिरेना. जवळच्या एका रोगी मुलाने ती सहज फिरविली, आणि पाहतात तो त्याचे बोट हाडापर्यंत कापले होते व त्याला त्याची जाणीवही नव्हती. काहींची बोटे तर रात्री झोपेत उंदीर कुरतडीत, असे शोधांती आढळले, आणि मग रोग्यांना घरी जाताना सोबत मांजर देण्यात येऊ लागले. येणेप्रमाणे बोटे सडत नाहीत, वेदना नसल्यामुळे ती नकळत दुखावली जातात, हे सत्य उजेडात आले. योग्य पादत्राण, लाकडी मुठीची भांडी, रोज हातपाय तपासण्याची सवय, अशा साध्या उपायांनी हजारो बोटे वाचली.

वेदनेचे मोल त्यांना एकदा स्वतःच्या शरीरावरच कळून आले. दीर्घ प्रवासानंतर एका रात्री लंडनमध्ये पायातील मोजा काढताना आपली टाच बधिर झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. आपल्यालाही हा रोग जडला, अशी त्यांची खात्री झाली. पत्नी, मुले व काम यांपासून दूर राहावे लागेल, या विचारात त्यांनी सारी रात्र तळमळत काढली. सकाळी त्यांनी घोट्याखाली सुई टोचली आणि तीव्र वेदना झाली. प्रवासात अवघडून बसल्याने एक मज्जातंतू दबला होता, इतकेच. त्या दिवसापासून वेदना ही ईश्वराची देणगी आहे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले.

शस्त्रक्रियेने हात सुधारलेल्या एका मनुष्याने त्यांच्याकडे वेगळीच तक्रार आणली. त्याचे हात आता भीक मागण्यास निरुपयोगी झाले होते. वाकडी बोटे पाहून लोक दया करीत, सरळ हातांना कोणी काही देईना, आणि कुष्ठरोगाच्या खुणा अंगावर असल्याने काम किंवा घरही कोणी देईना. हात दिला पण जीवन दिले नाही, हे डॉ. ब्रँड यांच्या मनास झोंबले. म्हणून १९५१ साली वेल्लोरला कॉलेजाच्याच आवारात साध्या झोपड्यांचे नवजीवन केंद्र उभे राहिले. तेथे डॉक्टर स्वतः रोग्यांना सुतारकाम शिकवीत. जवळच करिगिरी येथे १९५५ साली कुष्ठरोगासाठी खास इस्पितळ व संशोधन संस्था सुरू झाली, आणि देशोदेशीचे शस्त्रवैद्य तेथे शिकण्यास येऊ लागले.

याच सुमारास आमच्या महाराष्ट्रातही हे काम रुजत होते. मुंबईचे डॉ. वसंतराव खानोलकर यांनी कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंत कसा शिरतो, याचा सूक्ष्मदर्शकाखाली सखोल अभ्यास केला. इंग्लंडात सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पुनर्रचनेची शस्त्रक्रिया सुरू करून कुष्ठरोग्यांना सर्वसाधारण रुग्णालयाचे दार उघडून दिले. याच डॉ. अंतियांनी पुढे आमच्याच रायगड किनाऱ्यावर, मांडव्याच्या परिसरात, गावच्या साध्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचा प्रयोग केला, ही गोष्ट आम्हांस विशेष अभिमानाची वाटते. पनवेलजवळ नेरे येथील शांतिवन हेही आमच्या जिल्ह्यातील सेवास्थान होय.

डॉ. ब्रँड यांना १९६० साली लास्कर पुरस्कार व १९६१ साली ब्रिटिश सरकारचा सी. बी. ई. हा किताब मिळाला. १९६६ साली ते अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि १९८६ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच संशोधन करीत राहिले. बधिर पावलांविषयी त्यांनी जे शोधले, ते आज मधुमेहाच्या रोग्यांनाही उपयोगी पडत आहे. अखेरीस सिॲटल शहरी वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनी देह ठेवला. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला केवळ शब्दाने नव्हे, तर स्पर्शाने बरे केले, ही गोष्ट ते पदोपदी स्मरत. त्यांचे रोगीही सांगत की डॉक्टरांच्या शस्त्राइतकाच त्यांच्या हाताचा स्पर्श आपणांस आठवतो.

आता पालकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. कुष्ठरोग जगातून गेलेला नाही. सार्वजनिक आरोग्याची समस्या या नात्याने हिंदुस्थानाने २००५ साली त्यावर मात केली असे जाहीर झाले, तरी कोकणपट्टीत नवे रोगी आजही आढळतात. अंगावर फिका किंवा लालसर चट्टा उठला आणि तेथे स्पर्श, ऊन-थंड वा टोचणे कळेनासे झाले, हाताच्या करंगळीत मुंग्या येऊ लागल्या, वल्हे वा पेन्सिल हातातून निसटू लागली, पायातील चप्पल नकळत गळून पडू लागली, तर ते लपवू नये. आशा कार्यकर्तीस सांगावे किंवा सरकारी आरोग्य केंद्रात जावे. तेथे औषध मोफत मिळते. रोगाच्या प्रकारानुसार ते सहा किंवा बारा महिने घ्यावयाचे असते, आणि ते सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांस लागण होण्याची भीती लवकरच दूर होते. हजारांतील बहुतेकांच्या अंगी या जंतूचा प्रतिकार करण्याची शक्ती उपजतच असते. ज्याची बोटे वाकडी आहेत, त्याचा रोग कदाचित वर्षांपूर्वीच बरा झालेला असतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. मज्जातंतूची हानी नवी, म्हणजे सहा महिन्यांच्या आतली असेल, तर सूज उतरविणाऱ्या औषधांनी ती बरीच भरून येऊ शकते. वर सांगितलेल्या स्नायूची वाट पाहण्याची मुदत आठवा, म्हणजे या सहा महिन्यांचे मोल कळेल. लोक काय म्हणतील म्हणून जो बाप मुलाचा चट्टा सदऱ्याखाली झाकतो, तो ती मुदत आपल्या हाताने खर्च करतो. आणखी एक सूचना अशी की ज्याच्या हातापायाचे स्नायू लुळे पडले आहेत, त्याने कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ती गोष्ट भूल देणाऱ्या डॉक्टरांस अवश्य सांगावी. अशा स्नायूंवर ग्राही सर्वत्र पसरलेले असल्याने, स्नायू शिथिल करण्याचे एक नेहमीचे औषध त्यांच्या रक्तात पोटॅशियम एकदम वाढवून हृदयास धोका पोहोचवू शकते.

कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि या रोगाच्या कारणावरून घटस्फोट घेण्याची तरतूद २०१९ साली काढून टाकण्यात आली. मनातील कायदा मात्र आपणच बदलावयाचा आहे.

विद्यार्थिमित्रहो, डॉ. ब्रँड यांच्या चरित्रातून एवढे ध्यानात ठेवा. सुतारकामास त्यांनी हलके मानले नाही, म्हणून ते पुढे थोर शस्त्रवैद्य झाले. सर्वांनी जो हात मेला असे म्हटले, तो त्यांनी आपल्या हातात घेऊन पाहिला, आणि तो जिवंत निघाला. ज्याला जग टाकून देते, त्याच्यापाशी जाऊन आधी नीट पाहावे आणि मगच मत द्यावे, ही सवय तुम्ही याच वयात लावून घ्याल, तर तुमच्या हातूनही कोणाचा तरी हात वाचेल, अशी आम्हांस खात्री आहे.